विंझरचं बिनपडद्याचं मशीन

संपादकांचा फोन आला. "दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा, प्रेरणादायी असं काहीतरी. आणि सर, तेवढा 'आंधळा' शब्द टाळता आला तर बघा. वाचकांना कसंतरीच वाटतं." म्हटलं, साहेब, आंधळा मी, आणि कसंतरी वाचकांना वाटतंय? वाटू द्या की! साठी उलटून गेली माझी, कुणाला बरं वाटावं म्हणून मी आता डोळस व्हायचा नाही.

तेव्हा आधीच सांगून ठेवतो, हे प्रेरणादायी नाही. आंधळ्यांच्या नावानं आपल्याकडे म्हणींचा नुसता बाजार भरलाय. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मी देवाकडे एकही मागितलेला नाही. मागितलंच असेल तर जुन्या मशीनचं साउंड कार्ड चालू होऊ दे, एवढं मागितलंय, आणि ते देवानं प्रत्येक वेळी दिलेलं नाही.

मी भोरला एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होतो. पुढे जो तो खिशात फोन घेऊन हिंडायला लागला आणि माझा बोर्ड एके दिवशी उचलून अडगळीत नेला. साहेब भले गृहस्थ. म्हणाले, "तुम्ही काळजी करू नका. नुसते बसून राहा, पगार चालू राहील." नुसते बसून राहा! याच्याइतकी जिव्हारी लागणारी शिवी मला आजवर कुणी दिली नाही, आणि मी भोरच्या बाजारात वाढलोय, शिव्या कमी ऐकलेल्या नाहीत. त्या रागातून मी कॉम्प्युटर शिकलो. मग दुसऱ्यांना शिकवायला लागलो. रिटायर झालो तरी ते थांबलं नाही. भोर आणि वेल्हे, दोन्ही तालुक्यांत कुठं कुणी न दिसणारा माणूस कॉम्प्युटरला हात लावायचा म्हणाला, की मी एसटीनं तिथं पोचतो. त्याला मशीन बसवून देतो, शिकवतो, आणि बिघडलं की शिव्या खायला परत जातो.

लोक विचारतात, दिसत नाही तर चालवता कसं? सोपं आहे. पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम असतो. आम्ही माउसच्या वाटेला जात नाही. बाणाच्या कळा, टॅब आणि दोन-तीन कळा एकत्र दाबायच्या, की मशीन सांगतं आपण कुठं आहोत ते. आवाज म्हणाल तर पत्र्याच्या डब्यात कुणी मराठी बोलावं तसा. नातेवाईक हमखास म्हणतात, "अहो, जरा गोड आवाज टाका की!" गोड आवाज आठ दिवस बरा वाटतो. काम करायचं तर आवाज स्वच्छ हवा, पळणारा हवा. सरावलेला आंधळा तो इतका भरभर पळवतो, की डोळसाला वाटावं मशीन बिघडलं.

आता लिनक्स का, हा प्रश्न येतोच. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकटची प्रणाली. विकतच्या प्रणालीवरसुद्धा वाचणारे प्रोग्रॅम आहेत आणि चांगले आहेत, खोटं कशाला बोलू? पण आमच्या वाट्याला मशीनं येतात ती शाळांनी, पतसंस्थांनी टाकून दिलेली. नव्या प्रणालीचा भार त्यांना उचलत नाही. लिनक्स त्या म्हाताऱ्यांना उठवून कामाला लावतं.

पण लिनक्स म्हणजे एक वस्तू नव्हे. पीठ एकच, थापणारे हात शेकडो. नवशिक्या आंधळ्यासाठी त्यातलं कुठलं घ्यायचं, यावर माझी आयुष्यात जेवढी भांडणं झाली तेवढी भावकीत झाली नसतील. पुण्याची पोरं फोनवरून सांगायची, अमुक घ्या, दिसायला झकास आहे. झकास दिसतंय ना, मग ते तुमच्या घरी ठेवा! माझी पारख करायची रीत एकच. मशीनचा पडदा काढायचा आणि खाली ठेवून द्यायचा. मग प्रणाली टाकायला घ्यायची. टाकतानाच ती बोलली पाहिजे. जी टाकून झाल्यावर बोलते तिचा मला काय उपयोग? म्हणजे मशीन बिघडलं की पुन्हा कुणा डोळसाच्या हातापाया पडायचं. पडद्याशिवाय पहिल्यापासून शेवटपर्यंत मला एकट्याला टाकता आली, तर ती पास.

खास आंधळ्यांसाठी म्हणून बनवलेली लिनक्सं असतात, तीही मी घेत नाही. यावर आमच्याच लोकांनी मला धारेवर धरलंय. माझं म्हणणं साधं आहे. 'खास' वस्तू कुणीतरी एकदोघं जीव लावून बनवतात, आणि ती थकली की वस्तू पोरकी होते. चार डोळस लोक रोज वापरतात तेच घ्यावं, म्हणजे मोडलं तर त्यांचंही मोडतं आणि दुरुस्त करायला कुणी ना कुणी धावतं. आणि मांडणी, म्हणजे मेनू-फायली कुठं सापडायच्या ती रचना, जुन्या वळणाची घ्यावी. माझी आवडती मांडणी आहे तिचा उच्चार आपल्या माटे आडनावासारखाच करतात. दिसायला म्हणे अगदी कळाहीन. पण आज जी गोष्ट जिथं आहे तिथंच ती पुढच्या वर्षीही सापडते. आंधळ्याच्या घरातली खुर्ची कुणी सरकवू नये, तसंच हे.

अर्थात आपण कितीही पारखून द्या, घरचे लोक असतातच. भाटघरच्या एका गुरुजींना काचबिंदूनं दिसेनासं झालं होतं. त्यांना मशीन बसवून दिलं, गुरुजी महिन्याभरात पत्रं लिहायला लागले. एक दिवस फोन, "मशीन गेलं हो. काही बोलत नाही." मी एसटी धरून गेलो. तर गुरुजी त्या मुक्या मशीनसमोर सुतकात बसावं तसे बसलेले. चाचपून बघितलं, स्पीकरचं बटण पार पिळून बंद. काकूंना विचारलं.

"मीच केलं की बंद," काकू म्हणाल्या. "माझी पूजा चालू, आणि ते मेलं सारखं पुटपुटतंय. मला काय माहीत त्यांचं त्यावरच चालतं?"

"काकू, तुम्ही भाजी चिरताना कुणी लाइट घालवला तर?"

"विळीवरून उठून त्याच्या पाठीत धपाटा घालीन."

"मग गुरुजींनी काय करावं?"

काकू चहा टाकायला गेल्या. तेव्हापासून मी बटणावर चिकटपट्टी लावून देतो आणि घरच्यांना सगळ्यांसमोर बजावतो, ही वस्तू यांची आहे, यांना विचारल्याशिवाय पुसायलासुद्धा हात लावायचा नाही. लोकांना राग येतो. येऊ दे.

या सगळ्या उपद्व्यापात माझी जिच्याशी सगळ्यात जास्त भांडणं झाली ती विंझरची वैशाली. शेतकऱ्याची पोर, जन्मापासून दिसत नाही, आणि तोंड असं की कुणाचं ऐकून घेणार नाही. तिच्या वडिलांना सगळे आबा म्हणतात, मीही म्हणतो. वैशालीला मशीन मिळालं ते एका शाळेनं टाकलेलं, पडदा फुटलेलं. मला काय, पडदा मी तसाही काढूनच ठेवणार! मी नुसती खालची पेटी, कीबोर्ड आणि स्पीकर आबांच्या घरात बसवला. पोरगी पंधरा दिवसांत मराठी टायपिंग शिकली. मी म्हटलं आवाज अजून थोडा पळव, तर ती माझ्या पुढं जाऊन म्हणते, "सर, तुमचा तर बैलगाडीसारखा चाललाय."

ती बी.ए.ला होती, इतिहास घेऊन. आंधळ्या विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक मिळतो. आपण सांगायचं, त्यानं लिहायचं. आदल्या वर्षी तिला लेखनिक म्हणून बारावीतली एक मुलगी दिली. मुलगी हुशार आणि मायाळू. इतकी मायाळू, की वैशाली अडखळली की ती स्वतःच वाक्य पुरं करायची. वैशालीनं चुकीचं सांगितलं की बरोबर करून लिहायची. वैशालीला फर्स्ट क्लास मिळाला. गावात कौतुक झालं. ती माझ्याकडे आली ती धुमसतच.

"सर, ह्यातले माझे मार्क किती नि तिचे किती, मला कधीच कळणार न्हाई. मला माझा पेपर पायजे. नापास झाले तरी माझी मी झाले पायजे."

मी म्हटलं, मग मशीनवर लिही. नियमात बसतं ते. आम्ही अर्जविनंत्या करून परवानगी काढली. स्वतःचं मशीन आणायचं, त्याला इंटरनेटची तार नको, पेपर संपल्यावर उत्तरं तिथंच छापून द्यायची, असं ठरलं. परीक्षा भोरच्या एका कॉलेजात होती. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण तिथं कुणी दुष्ट नव्हतं. दुष्ट माणसाशी भांडायला मला आवडतं. भल्या माणसाशी भांडताना घाम फुटतो.

पेपरच्या दिवशी आबांनी मशीन गोधडीत गुंडाळून, वर गोणी घालून शेजाऱ्याच्या भाजीच्या टेम्पोत ठेवलं. विंझरहून नसरापूर, कामथडी करत हायवेनं ते भोरला आले. मी कॉलेजच्या फाटकात थांबलो होतो. आम्हाला मागच्या बाजूची एक खोली दिली होती. मी टेबलावर सगळं जोडलं, वैशालीनं बटण दाबलं, मशीन बोलायला लागलं. आम्ही दोघं खूश.

केंद्रप्रमुख सर आले. टेबलाभोवती फिरल्याची पावलं वाजली. मग म्हणाले, "आणि पडदा कुठाय?"

सांगतो खरं, मला प्रश्नच कळला नाही. वैशालीलाही कळला नाही. आम्ही परवानगी काढली, वायरी तपासल्या, जादाचा कीबोर्ड घेतला, पण परीक्षेला पडदा लागेल हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आबा तर डोळस माणूस! त्यांना म्हटलं, आबा, तुमच्या तरी लक्षात यायचं! तर म्हणतात, "आवं, आमच्या घरात त्याला पडदा कधी व्हता? म्या म्हनलं ह्ये मशीन आसंच आसतंय."

मला हसू आवरेना. सरांना ते आवडलं नाही. "हसण्यावारी नेऊ नका. पर्यवेक्षक मॅडम आहेत, त्या बघणार काय? आत काय साठवलेलं आहे, ही काय उघडते, कसं कळणार?"

"बघायचं कशाला? ऐकता येईल," मी म्हटलं. "वैशाली, ऐकव."

तिनं ऐकवलं, तिच्या वेगानं. गिरणीत धान्य संपलं की जातं जसं खडखडतं तसा तो आवाज, आणि त्यात आम्हा दोघांना शब्दन् शब्द स्पष्ट. मॅडमनी विचारलं, "ही मराठी आहे?"

"हळू करून दे," सर म्हणाले.

"हळू केलं तर माझा वेळ जाईल, सर," वैशाली म्हणाली. "बाकीच्या पोरांना तुम्ही हळू वाचा म्हणून सांगता का?"

सर चिडले नाहीत, तीच तर पंचाईत. अगदी मायेनं म्हणाले, "हे बघ बाळ, तुझं नुकसान व्हावं असं कुणालाच वाटत नाही. लेखनिकाची सोय मी पाच मिनिटांत करतो. तू नुसती बसून सांग."

नुसती बसून! माझ्या मस्तकात तिडीक गेली. पण पेपर माझा नव्हता, म्हणून तोंड दाबून उभा राहिलो.

"लेखनिक नको," वैशाली म्हणाली.

"मग मी परवानगी देऊ शकत नाही."

घंटा झाली. बाकीच्या वर्गांत पेपर वाटल्याची सळसळ ऐकू आली. आबांचा धीर सुटला. "वैशे, आयकून घे गं. सायेब चांगलं सांगत्यात. एवढ्यासाठनं वरीस जाईल."

"आबा, वरीस माझं हाय," ती म्हणाली. "गेलं तर माझं जाईल. पर लेखनिक न्हाई घ्यायची."

मग मी सरांना म्हटलं, "तुम्हाला पडदा पाहिजे ना? तुमच्या कॉलेजात पडदे पोत्यानं पडले असतील. एक द्या. आम्ही जोडतो, तुम्ही बघत बसा. आम्हाला त्याचं काही नाही."

सरांनाही सुटल्यासारखं झालं असावं. शिपाई लॅबमधून एक पडदा घेऊन आला. मी चाचपून तार जोडली. सगळे वाकून बघायला लागले. शिपाई म्हणाला, "काळं ठिक्कर हाय." मशीन पडद्याविना चालू केलं की असं होतं, मागनं जोडलेला पडदा त्याला दिसत नाही. बंद करून परत चालू केलं. जुनं मशीन ते, उठायला त्याच्या मनानं वेळ घेतं. प्रत्येक मिनिट वैशालीच्या पेपरातून चाललं होतं. मी कपाळाचा घाम पुसत उभा होतो.

"आलं, आलं!" मॅडम ओरडल्या. मग म्हणाल्या, "अगंबाई, किती जुनाट दिसतं हे!"

"दिसू द्या," मी म्हटलं.

गेलेला वेळ भरून मिळणार नाही, असं सरांनी बजावलं. वैशाली म्हणाली, चालेल. आम्ही बाहेर व्हरांड्यात येऊन खिडकीखालच्या बाकावर बसलो. मॅडमनी प्रश्न वाचून दाखवले आणि पोरीनं टायपिंग सुरू केलं. कानात हेडफोन घालायची परवानगी नव्हती, म्हणून मशीन मोठ्यानं बोलत होतं. अख्ख्या कॉलेजात ते समजणारा तिच्याशिवाय मी एकटा.

आबांनी हळूच विचारलं, "काय म्हंतंय वो मशीन?"

"सांगणार नाही, आबा. परीक्षा चालू आहे."

"बरं लिवतीया का, तेवढं तरी सांगा की."

"सांगणार नाही म्हटलं ना!"

पण मला ऐकू येत होतं आणि मी खूश होतो. पाच कारणं विचारणाऱ्या मोठ्या गुणांच्या प्रश्नाला तिनं हात घातला होता आणि कारणं एकामागून एक येत होती. लिहायची, परत मागं जाऊन ऐकायची, एखादा शब्द पुसायची, पुढं जायची. चार कारणं झाली आणि ती थांबली. विचार करत होती. आम्ही सगळेच कधी ना कधी असे थांबलेलो आहोत.

तेवढ्यात मॅडमचा आवाज आला. अगदी हळू. आपल्या लेकीला सांगावं तसा. "बाळा, पाचवं राहिलं ना? करवसुलीचं लिही की. वेळ गेलाय तुझा, लिहून टाक."

त्या बाईंनी तो पडदा पेपरावर नजर ठेवायला घेतला होता. नजर पेपरावर पडली आणि त्यांना दया आली. मी बाकावरून अर्धा उठलो. आबांनी मला धरून खाली बसवलं, "काय झालं वो?"

आत वैशाली शांतपणे म्हणाली, "मॅडम, मला ते आठवतच होतं."

"हो ना, मग लिही की."

"आता कसं लिहू? आता ते मला येत होतं का तुम्ही सांगितलं, हे मलासुद्धा कळायचं न्हाई."

आणि कळांचा आवाज झाला. चारच कळा असतील. मशीन त्या पत्र्याच्या आवाजात म्हणालं, निवडलेलं पुसलं. तिनं पाचवं कारण गाळलं नव्हतं. अख्खं उत्तर, चारही कारणं, वरपासून खालपर्यंत पुसून टाकली होती. मॅडमनी पडद्यावर बघितलं असणार, कारण त्या एकदम म्हणाल्या, "अगं ए, हे काय केलंस?"

"दुसरा प्रश्न वाचा, मॅडम," वैशाली म्हणाली. "आणि खुर्ची जरा मागं घ्या."

खुर्ची सरकली. मॅडमनी पुढचा प्रश्न वाचला. त्यांचा आवाज बसलेला होता. मी बाकावर बसून राहिलो. एकीकडे त्या पोरीच्या दोन कानाखाली द्याव्यात असं वाटत होतं, एवढे गुण कुणी असे फेकून देतं का! आणि दुसरीकडे मी रडत होतो. आबा घाबरले, त्यांना वाटलं पोरगी नापास झाली. मशीन परत बसवायला विंझरला जाताना टेम्पोत मी तिला झाडझाड झाडलं. म्हटलं, अशानं जगात एक दिवस निभायचा नाही तुझा, थोडं नमतं घ्यायला शीक. ती म्हणाली, "तुमी कधी घेतलं?"

निकाल लागला. सेकंड क्लास. तो एक प्रश्न असता तर फर्स्ट क्लास आला असता, हे हिशोब येणारा कुणीही सांगेल, आणि विंझरमध्ये ज्यानं त्यानं तिला तो हिशोब करून दाखवला. लेखनिक घेतला असतास तर, असं म्हणणारे तर रोज भेटायचे. आज ती नसरापूरच्या बाजूला एका कार्यालयात कामाला आहे. तिथंही तिनं पहिल्याच आठवड्यात साहेबांशी भांडण काढलं, पण ते जाऊ द्या.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी आबांचा फोन आला. आवाज रडवेला. "सर, तुमी तरी सांगा हिला. पेढं आनाय लावलं मला. एसटी स्टँडवर हुबी ऱ्हाऊन वाटतीया. शेकंड क्लासला कोन पेढं वाटतं का? लोकं हासत्यात."

"वाटू द्या, आबा," मी म्हटलं.

"आवं, पर गेल्या वर्षी फर्स्ट क्लास आला, तवा म्या पेढ्याचं खोकं आनलं व्हतं. हिनं ते घरात उघडूसुदिक दिलं न्हवतं!"